ऑनलाइन पीएचडी, ‘वैदिक अभ्यास आणि चेतना’ : चौदा महिने, सव्वा लाख, दोन तारे

पाचपैकी दोन तारे देतेय. दोन्ही तारे वाईच्या एका शास्त्रीबुवांचे आहेत, संस्थेच्या वाट्याला त्यातला अर्धाही नाही.

संस्थेचं नाव घेत नाही. एक तर त्यांच्या करारपत्रात बदनामीबद्दल दीड पानाचं कलम आहे आणि मला सकाळी साडेसातला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभं राहायचं असतं, कोर्टात नाही. दुसरं म्हणजे या एका नावाने काही साधणार नाही, कारण अशा चिक्कार आहेत. जाहिरात दिसली की ओळखाल : हिमालय, कमळ, निळ्या प्रकाशातला मेंदू आणि खाली ‘घरबसल्या डॉक्टरेट’.

मी भूलतज्ज्ञ आहे. दांडिया बाजारात वाढले, बडोद्यातच शिकले, आता बडोद्यातल्याच अकोट्याला राहते. एकोणतीस वर्षं लोकांना भूल देतेय आणि उठवतेय. उठवणं हेच खरं काम, देणं कोणालाही जमेल असं आमचे सर म्हणायचे. त्यामुळे चेतना हा शब्द माझ्यासाठी प्रवचनातला नाही, मॉनिटरवरचा आहे. बिस नावाचं यंत्र कपाळाला पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून शून्य ते शंभरमधला एक आकडा देतं. ऑपरेशन चालू असताना तो ४० ते ६०च्या दरम्यान ठेवायचा. रोज पाच-सहा माणसांचा आकडा मी खाली नेते आणि वर आणते, पण हा आकडा नेमका कशाचा, हे मला कोणी नीट सांगितलेलं नाही.

प्रश्न डोक्यात बसला तो एका काकांमुळे. हर्नियाचं ऑपरेशन, सगळं सुरळीत. रिकव्हरीत डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून चिडून म्हणाले, ‘बेन, हवे क्यारे शरू करशो?’ (बाई, आता सुरू कधी करणार?) त्यांचं ऑपरेशन होऊन पाऊण तास झाला होता. असं बरेच जण विचारतात, नवीन काही नाही. पण त्या दिवशी घरी जाताना लक्षात आलं की झोपेतून उठलेला माणूस असं कधी विचारत नाही. घड्याळ न बघताही त्याला कळतं की मध्ये वेळ गेलाय. भुलेतून उठलेल्याला मध्ये काही गेलंय याचाच पत्ता नसतो. मग झोपेत जे शिल्लक राहतं आणि भुलेत राहत नाही, ते काय?

एवढा प्रश्न घेऊन मी त्या जाहिरातीवर बोट ठेवलं. वय छप्पन्न. नवरा म्हणाला, ‘डॉक्टर आहेस की, आता डॉक्टरची डॉक्टर होणार काय?’ मी ऐकलं नाही.

आता पैशाचं. नोंदणी १४,००० आणि ५५,०००चे तीन हप्ते. मी नोंदणी आणि दोन हप्ते भरले, म्हणजे १,२४,०००. तिसरा भरला नाही, का ते पुढे सांगते. यात काय मिळतं? एक ॲप, बारा ‘मॉड्यूल’, चाळीस पीडीएफची ‘डिजिटल लायब्ररी’, दर महिन्याला एक वेबिनार आणि आठवड्यातून एक तास ‘वैयक्तिक संस्कृत साहाय्य’. हे शेवटचं जाहिरातीत सगळ्यात बारीक अक्षरात होतं.

मॉड्यूलांवर फार वेळ घालवण्यासारखं नाही. यंत्राच्या आवाजातली बाई ‘ऋग्वेदा’ला ‘रिगवेडा’ म्हणते. पीडीएफमधल्या ऋचांवर स्वरांच्या खुणाच नाहीत, आडव्याही नाहीत आणि उभ्याही नाहीत. म्हणजे सारेगमच्या वहीतून सूर पुसून कागद विकल्यासारखं. तिसऱ्या मॉड्यूलमध्ये वास्तू, चौथ्यात ज्योतिष, पाचव्यात ‘क्वांटम आणि ऋषी’. नासदीय सूक्तावर एक अख्खी स्लाइड होती : ‘वेदांना महास्फोट ठाऊक होता’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त, सातच ऋचा. सातवीत कवी म्हणतो, ही सृष्टी कुठून झाली ते परम आकाशातल्या अध्यक्षालाच ठाऊक, आणि लगेच पुढे ‘यदि वा न वेद’, नाहीतर त्यालाही नसेल. ज्या सूक्ताचा शेवटच ‘कुणास ठाऊक’ असा आहे, त्याच्या डोक्यावर यांनी उत्तराचं लेबल चिकटवलं. सातवी ऋचा स्लाइडवर नव्हती.

परीक्षा बहुपर्यायी. मांडूक्य उपनिषद कोणत्या वेदाचं, असा प्रश्न होता. मी अथर्ववेद निवडला. चूक. त्यांच्या मते सामवेद. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘मॅम, आन्सर की सिस्टिम-जनरेटेड आहे.’ असू दे बापडी.

गोंधळ नको म्हणून एक सांगते. चेतना आणि वेद या जोडीला विद्यापीठाचा विषय करण्याचं काम महर्षी महेश योगींच्या लोकांनी केलं. १९७४ पासून अमेरिकेत आयोवा राज्यातल्या फेअरफील्डला त्यांचं विद्यापीठ आहे, तिथे त्यांच्या स्वतःच्या चौकटीतला डॉक्टरेटपर्यंतचा अभ्यास चालतो. ती चौकट पटो न पटो, ती रीतसर मान्यता असलेली शिक्षणसंस्था आहे. मी ज्यांना पैसे भरले त्यांचा आणि तिचा काही संबंध नाही. यांनी तिथली भाषा तेवढी उचलली होती.

आता शास्त्रीबुवा.

दर गुरुवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ. पहिल्या गुरुवारी कॅमेरा लावला तर समोर एक वयस्कर गृहस्थ, अंगात बंडी, मागे लोखंडी कपाट, त्यावर पितळी डबा. ‘नमस्कार. आपण बडोद्याच्या ना? मग मराठीत बोलू. मला यांचं ते इंग्रजी जमत नाही.’ माझ्या जिवात जीव आला. मी माझा प्रबंधाचा आराखडा त्यांना वाचून दाखवला. विषय होता, ‘सुषुप्ती आणि वैद्यकीय भूल : एकाच अवस्थेची दोन नावे’. सुषुप्ती म्हणजे स्वप्न नसलेली गाढ झोप. हा आराखडा मी आदल्या आठवड्यात संस्थेच्या ‘संशोधन संचालकां’कडे पाठवला होता आणि दोन दिवसांत ‘एक्सलंट! अप्रूव्ह्ड!’ असं उत्तरही आलं होतं, सोबत हात जोडल्याचं चिन्ह.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बाई, तुम्ही भूल दिलेल्या माणसाला हाताने हलवलं तर तो उठतो का?’

‘नाही. औषध चालू असेपर्यंत नाही उठत.’

‘मग ती सुषुप्ती कशी?’

संपलं. माझा अख्खा प्रबंध त्या एका वाक्यात मोडला आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं. वॉर्डात राउंडला सरांनी चूक पकडल्यावर वाटायचं तसं.

मग त्यांनी बृहदारण्यक उपनिषद काढायला लावलं. दुसऱ्या अध्यायातलं पहिलं ब्राह्मण, म्हणजे प्रकरण. गार्ग्य नावाचा विद्वान काशीचा राजा अजातशत्रू याला ब्रह्म शिकवायला जातो आणि राजाच त्याला शिकवतो. राजा त्याचा हात धरून एका झोपलेल्या माणसापाशी नेतो. आधी मोठमोठ्या नावांनी हाका मारतो, ‘बृहन्, पाण्डरवासः, सोम, राजन्’. माणूस उठत नाही. मग हाताने दाबून हलवतो, ‘पाणिनापेषं बोधयांचकार’, तेव्हा तो उठतो. आणि राजा विचारतो : हा झोपला होता तेव्हा होता कुठे, आणि आता आला कुठून?

मी खुर्चीत सरळ बसले. आधी नावाने हाक, मग खांद्याला हात, मग प्रतिसाद बघायचा. मी रोज रिकव्हरीत हेच करते! ‘काका, आंख खोलो.’ नाही उघडले तर खांदा हलवायचा. आमच्या गुंगी मोजायच्या पट्ट्या याच क्रमाने बनवलेल्या आहेत. फक्त आम्ही ‘होता कुठे’ हे विचारत नाही, चार्टवर वेळ लिहितो आणि पुढच्या केसकडे वळतो.

पुढचे दोन महिने आम्ही मांडूक्य वाचलं. बारा मंत्र फक्त. मी म्हटलं होतं, दोन आठवड्यांत उरकेल. बुवा एका गुरुवारी एक शब्द घेऊन बसले तर उठायचं नाव नाही. पाचवा मंत्र सुषुप्तीचा, ‘न कञ्चन कामं कामयते न कञ्चन स्वप्नं पश्यति’, काही इच्छित नाही, कुठलं स्वप्न बघत नाही. सातव्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती यांपलीकडची चौथी अवस्था सांगताना सगळी नकारांची माळ. त्यात दोन तुकडे असे आहेत : ‘न प्रज्ञम्’ आणि लगेच ‘न अप्रज्ञम्’. जाणणारं नाही आणि न जाणणारंही नाही. यावर बुवा म्हणाले, ‘तुमच्या यंत्राला यातलं कुठलं दिसतं ते सांगा.’ मी म्हटलं, यंत्राला एकही दिसत नाही, यंत्राला विजेची लहर दिसते. ‘मग यंत्राला दोष नाही,’ म्हणाले.

शब्दांच्या बाबतीत फार कडक माणूस. मी सरसकट ‘चेतना’ म्हणायचे. ते थांबवायचे : चित् म्हणायचंय, चित्त म्हणायचंय, प्रज्ञान, विज्ञान, संवित्, का नुसती शुद्ध? सांख्यांच्या, म्हणजे सांख्य दर्शनवाल्यांच्या, हिशेबात मन, बुद्धी, अहंकार हे सगळं प्रकृतीच्या बाजूला, म्हणजे जड. चेतन एकटा ‘पुरुष’, म्हणजे आतला साक्षी. आमच्या ओटीच्या भाषेत मन गेलं की चेतना गेली, आणि सांख्यांच्या भाषेत मन म्हणजे चेतनाच नव्हे. एक इंग्रजी शब्द घेऊन दोन्हीकडे फिरलं की काहीही सिद्ध करता येतं. संस्थेची बाराच्या बारा मॉड्यूलं या एका घोटाळ्यावर उभी आहेत, हे मला साधारण सहाव्या महिन्यात कळलं.

आणि मग ब्रह्मसूत्र, तिसरा अध्याय, दुसरा पाद, दहावं सूत्र : ‘मुग्धेऽर्धसम्पत्तिः परिशेषात्’. मुग्ध म्हणजे इथे बेशुद्ध, अर्धसम्पत्ति म्हणजे अर्धवट लीन होणं. यावरच्या भाष्यात शंकराचार्य विचारतात, बेशुद्ध माणूस कुठल्या अवस्थेत धरायचा? जागा नाही, स्वप्नात नाही, मेलेला नाही. मग झोपलेला म्हणायचा का? तर नाही, आणि का नाही याची कारणं देतात. बेशुद्ध माणूस कधी कधी बराच वेळ श्वास घेत नाही, अंग थरथरतं, चेहरा भेसूर, डोळे ताणलेले. झोपलेल्याचा चेहरा शांत, श्वास सारख्या अंतराने, डोळे मिटलेले, अंग स्थिर. झोपलेला नुसत्या हाताच्या दाबाने उठतो, बेशुद्ध मात्र मुद्गराच्या घावानेही उठत नाही. झोपेचं कारण थकवा, बेशुद्धीचं कारण मुसळाचा घाव वगैरे.

श्वास, कंप, चेहरा, डोळे, स्पर्शाला प्रतिसाद, कारण. ही तपासणी आहे हो! ग्लासगो कोमा स्केल १९७४ साली आलं, डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन ३ ते १५ मध्ये बेशुद्धी मोजतं. मी ते हजारदा भरलंय. अद्वैतावरच्या भाष्यात मला पेशंटजवळ उभं राहून केलेलं निरीक्षण सापडेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

यात आणखी गंमत आहे. माझा भूल दिलेला पेशंट या यादीत कुठेच बसत नाही. हाताने उठत नाही म्हणून झोपलेला नाही. पण चेहरा शांत, श्वास सारख्या अंतराने (मशीन देतं म्हणून), अंग थरथरत नाही (औषध दिलंय म्हणून), डोळे मिटलेले (आम्ही पट्टी लावतो म्हणून). बाहेरून सुषुप्त, आतून मुग्ध. न्यू इंग्लंड जर्नलमध्ये २०१० साली एक गाजलेला लेख आला होता, भूल ही झोपेपेक्षा कोमाच्या जवळची आहे, फक्त परत आणता येणारी, असं मांडणारा. मी तो तेव्हाच वाचला होता. ‘परिशेषात्’ म्हणजे बाकी उरलं म्हणून, हे कळल्यावर त्याचा अर्थ मला वेगळा लागला. चार खणांत न बसलेलं म्हणून अर्धा खण केला. माझा पेशंट त्या अर्ध्यातही नीट बसत नाही. माझा खरा विषय हा आहे, आणि तो मला बुवांनी दिला. संचालकांच्या ‘एक्सलंट’ने नाही.

काकांच्या प्रश्नाचं काय झालं, विचाराल. त्यावरही जुनं भांडण आहे. वेदान्ती म्हणतात, उठल्यावर ‘सुखाने झोपलो, काही कळलं नाही’ असं माणूस म्हणतो, ही आठवण आहे, आणि अनुभवाशिवाय आठवण येत नाही, म्हणून झोपेत साक्षी होता. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले तर्कपंडित, म्हणतात, आठवण कसली, अंग हलकं वाटतंय त्यावरून तू अंदाज बांधतोयस. मी दोघांच्या मध्ये माझे रिकव्हरीतले काका उभे करते, जे म्हणतात, ‘शरू क्यारे करशो?’ ते ‘सुखाने’ही म्हणत नाहीत आणि ‘कळलं नाही’ असंही म्हणत नाहीत. बुवा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘हे लिहून ठेवा. मला याचं उत्तर येत नाही.’ आख्ख्या अभ्यासक्रमात ‘येत नाही’ म्हणणारे ते एकटेच.

२०२४च्या ऑगस्टमधला पूर बडोदेकर विसरणार नाहीत. विश्वामित्री शहरात घुसली, रस्त्यावर मगरी. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर पाणी, लाइट नाही, ॲप बंद. तो २९ तारखेचा गुरुवार होता. साडेआठला फोन वाजला. बुवा. ‘टीव्हीवर पाहिलं. बाई, तास फोनवर घेऊ या. तुमच्या गावच्या नदीचंच सूक्त घेऊ.’ तिसरं मंडल, ३३वं सूक्त, विश्वामित्र आणि नद्यांचा संवाद. ऋषी दुरून गाडे-रथ घेऊन आलाय, नद्यांना पूर, आणि तो बहिणींनो म्हणून विनवतो की जरा वाका, ओलांडू द्या, पाणी चाकांच्या आसाच्या खाली ठेवा. ‘अधोअक्षाः सिन्धवः’. आमच्या खाली पार्किंगमध्ये पाणी सगळ्या गाड्यांच्या आसांच्या केव्हाच वर गेलं होतं. मेणबत्ती लावून, फोनची उरलेली अकरा टक्के बॅटरी जपत मी ते सूक्त ऐकलं. स्वरांसकट. संस्थेच्या हिशेबी तो तास ‘ॲबसेंट’ लागला, ॲपवर लॉगिन नव्हतं ना.

त्यानंतर कधीतरी मी बुवांना विचारलं की तत्त्वसंग्रह कुठे मिळेल, बौद्धांची आत्म्यावरची टीका बघायची होती. ते हसायलाच लागले. ‘अहो बाई, तो तुमच्या बडोद्याने छापलाय, गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये, १९२६ साली. आणि तुम्ही मला वाईत विचारताय?’ लाज वाटली. सयाजीरावांनी सुरू केलेली ही ग्रंथमाला, पहिलं पुस्तक १९१६चं, राजशेखराची काव्यमीमांसा. १९२७ पासूनचं प्राच्य विद्या मंदिर, म्हणजे संशोधनसंस्था. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती इथेच झाली, सात कांडं, १९६० ते १९७५. हे सगळं मी ‘आपल्या बडोद्याचं वैभव’ म्हणून पाहुण्यांना ऐकवत आलेय, आणि उंबरा मात्र छप्पन्न वर्षं ओलांडला नव्हता. आता शनिवारी जाते. चाळीस पीडीएफांच्या ‘डिजिटल लायब्ररी’तले चार तर उलटे स्कॅन केलेले होते.

अरविंद घोषांवर यांचं आठवं मॉड्यूल होतं, त्यात बडोद्याचा उल्लेख एका ओळीत. १८९३ ते १९०६ हा माणूस इथे होता. दांडिया बाजारातलं त्यांचं घर मी शाळेत जाता-येता पाहिलंय. १९०८च्या जानेवारीत, सुरतेच्या काँग्रेसनंतर, ते इथेच विष्णू भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याबरोबर तीन दिवस बसले आणि मन संपूर्ण निःशब्द होण्याचा अनुभव त्यांना आला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. चेतनेच्या अभ्यासक्रमात याहून मोठं काय हवं? मॉड्यूलमध्ये लेल्यांचं नावही नाही. आमच्या आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, ‘लेले आहे ना, म्हणून नाही.’ आत्याचं सगळंच तसं असतं.

मी बाहेर का पडले ते आता. चौदाव्या महिन्यात मेल आला की तिसरा हप्ता भरला की तीन महिन्यांत ‘प्रबंध सहाय्यक टीम’ मला प्रबंध ‘फायनल’ करून देईल, १२,००० वेगळे भरले तर शोधनिबंधही ‘पीअर-रिव्ह्यूड’ मासिकात छापून येईल, आणि दीक्षान्त समारंभ परदेशातल्या हॉटेलात. मी विचारलं, टीम म्हणजे कोण? ‘मॅम, तुम्ही फक्त टॉपिक द्या.’ तेव्हा मी, सत्तावन्न वर्षांची बाई, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम उघडले.

जे हाती लागलं ते सांगते, तुमचे सव्वा लाख वाचतील. भारतात ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने पीएचडी नाही. एमए दूरस्थ होतं, पीएचडी होत नाही. अर्धवेळ होते, नोकरी करणाऱ्याला मालकाचं ना हरकत पत्र लागतं, पण संस्थेत जावं लागतं. परदेशी विद्यापीठाशी हातमिळवणी करून ॲपवाले जी ऑनलाइन पीएचडी विकतात तिला मान्यता नाही, हे युजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) यांनी २०२२च्या ऑक्टोबरमध्ये एकत्र जाहीर केलं होतं. म्हणजे मी पैसे भरायच्या दीड वर्ष आधी. वाचलं कोणी? मी नाही. २०२२चेच नवे नियम : कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिट, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, फेरनोंदणी करून आणखी दोन, बायकांना त्यावर दोन. म्हणजे मला दहापर्यंत. प्रवेशाला आता नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण धरतात, त्या रस्त्याने गेलं तर ७० टक्के वजन नेटला आणि ३० मुलाखतीला, आणि ते गुण एक वर्षच चालतात. वयाची अट फक्त फेलोशिपला आहे, माझ्यासारखीला परीक्षेला बसायला कोणी अडवत नाही.

आणखी एक गोष्ट मी पाहिली नव्हती. यांच्या ‘युनिव्हर्सिटी’ची नोंदणी कंपनी म्हणून आहे. विद्यापीठ कायद्याने होतं, कंपनी म्हणून नाही. युजीसीच्या साइटवर मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी आहे, बनावटांचीही वेगळी आहे. दहा मिनिटांचं काम. भूल देण्याआधी मी पेशंटला वीस प्रश्न विचारते, स्वतःच्या वेळी एकही विचारला नाही.

छांदोग्य उपनिषदातली गोष्ट बुवांनी मला याच सुमारास सांगितली, मुद्दाम की सहज ते त्यांनाच ठाऊक. इंद्र आणि विरोचन प्रजापतीकडे आत्मा शिकायला जातात. बत्तीस वर्षांनी प्रजापती सांगतो, पाण्यात दिसतं ते प्रतिबिंब म्हणजे आत्मा. विरोचन खूश होऊन घरी जातो आणि आपल्या लोकांना शिकवायलाही लागतो. इंद्र अर्ध्या वाटेवरून परत येतो, शंका घेऊन. आणखी बत्तीस वर्षं. मग स्वप्न. पुन्हा शंका, पुन्हा बत्तीस. मग सुषुप्ती, आणि इंद्र म्हणतो, हा तर ‘हा मी आहे’ असं स्वतःलाही जाणत नाही, नाशच झाला की याचा, मला यात काही भोग्य दिसत नाही. सुषुप्तीवरचा हा आक्षेप खुद्द उपनिषदात आहे! तेव्हा आणखी पाच वर्षं. एकूण १०१. मी म्हटलं, मला युजीसी दहाच देते. बुवा म्हणाले, ‘विरोचनाला एक हप्ता पुरला.’

पैसे परत मिळाले नाहीत. तिसरा हप्ता भरला नाही म्हणून त्यांनी माझं खातं ‘फ्रीझ’ केलं आणि बुवांचा तासही तोडला. मी त्यांना फोन केला तेव्हा समजलं की त्यांना एका तासाचे चारशे रुपये मिळत होते, आणि मी किती भरते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आकडा ऐकून ते इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं. ‘मी तुमच्याकडून काही घेणार नाही,’ म्हणाले. यावर आमचं तीन आठवडे भांडण चाललं. शेवटी दक्षिणा किती ते मी ठरवायचं आणि पाकिटावर आकडा लिहायचा नाही, असं ठरलं.

तेव्हा सल्ला असा. भिंतीवर लावायला कागद हवा असेल तर सव्वा लाखात चांगली फ्रेमसुद्धा येते. खरंच वाचायचं असेल तर आधी भाषा, मग एक माणूस शोधा जो तुमचं वाक्य मोडून दाखवेल, आणि पीएचडीचा विचार त्यानंतर. माझ्याकडे एमडी आहे, पण संस्कृतमध्ये पीएचडी करायची तर संस्कृतमध्ये एमए लागणार, म्हणून मी यंदा जुलैत दूरस्थ एमएला नाव घातलंय. पहिल्या सत्राला व्याकरण आहे. सामासिक शब्द सोडवताना ओटीतली मुलं हसतात. हसू देत.

संस्थेला माझा नंबर अजून खोडता आलेला नाही. परवा मेसेज आला, ‘डिअर डॉक्टर, प्लीज शेअर युअर गाउन साइझ.’ मी ओटीच्या हिरव्या गाउनचा फोटो पाठवला. निळ्या दोन टिका आल्या, उत्तर नाही.

बुवांचा तास अजूनही गुरुवारीच असतो, साडेआठ ते साडेनऊ. त्या वेळात मला फोन करू नये. इमर्जन्सी असेल तर माझ्या ज्युनियरला करावा, तो छान भूल देतो आणि उठवतोही.